रीमॅप करायचाय? आधी गाडीतली शिल्लक मोजा

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून गाडीचा जोर वाढवणं. तो करण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवून बघा. फोक्सवॅगनच्या व्हर्टस आणि टायगुन, स्कोडाच्या स्लाव्हिया आणि कुशाक या गाड्यांत दीड लिटरचं जे टीएसआय इंजिन येतं, ते कारखान्यातून निघतानाच २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. त्याच्या जोडीला येणारा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याला जाणकार डीक्यू२०० म्हणतात, तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच आखलेला आहे. इंजिनात अजून जागा असेलही, पण गिअरबॉक्सच्या कागदावर ती उरलेली नाही. आता याच गाडीला कुणी "स्टेज वन केला की तीनशेच्या वर जाते" असं सांगतो (स्टेज वन म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदलणं), तेव्हा तो खोटं बोलत असेल असं नाही. गाडी खरंच पळेल. ते वरचे पन्नास-साठ न्यूटन मीटर कुठल्या भागाच्या जिवावर आले, एवढंच तो सांगत नाही.

माझा भाचा चाकणला नोकरीला आहे. मार्चमध्ये त्याचा फोन आला. "मामा, पस्तीस हजारांत स्टेज वन करून देतायत. एकशे पंधराचे एकशे पन्नास घोडे होतात म्हणे. करून घेऊ का?" त्याची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर झालेली. मी म्हटलं, "मॅप कुणी लिहिलाय, कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय आणि लॉग दाखवणार का, एवढं विचारून ये." मॅप म्हणजे बदललेल्या आकड्यांची फाइल आणि लॉग म्हणजे गाडी चालताना सेन्सरने दिलेल्या आकड्यांची नोंद. भाचा विचारून आला. तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळालं होतं: "काळजी करू नका सर, शंभर गाड्या केल्यात."

शंभर गाड्या केल्या असतीलही. पण ते तीन प्रश्न का विचारायचे, हे नीट कळलं तर तुमचे पस्तीस हजारही वाचतील आणि इंजिनही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनाचा जोर हवेवर ठरतो. पेट्रोल कितीही ओता, ते जाळायला हवा नसेल तर उपयोग शून्य. साध्या इंजिनात पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येते. टर्बोमध्ये एक्झॉस्टचा गरम वायू एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. हवा किती दाबायची ते वेस्टगेट नावाची झडप ठरवते. ती उघडली की वायू चाकाला बगल देऊन निघून जातो आणि दाब तिथेच थांबतो. ही झडप कधी आणि किती उघडायची याचा हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर देतो. म्हणूनच टर्बो गाडीत एकही नट न खोलता, नुसत्या आकड्यांच्या फेरफाराने जोर वाढतो. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत रीमॅप करून फारसं काही हाती लागत नाही. तिथे कोंबायला जास्तीची हवाच नसते.

आताच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर हा एक अर्ज असतो. पाय दाबला म्हणजे तुम्ही टॉर्क मागितला. ईसीयू तो अर्ज घेऊन कोष्टकं चाळतो: गिअर कुठला आहे, आत येणारी हवा किती गरम आहे, एक्झॉस्ट किती तापला असेल, गिअरबॉक्सला किती सोसेल. मग जेवढा मंजूर करता येईल तेवढा टॉर्क मंजूर करतो. रीमॅप म्हणजे या मंजुरीच्या कोष्टकांत केलेला बदल. चांगला ट्यूनर आकडे वाढवतो आणि तपासणीची व्यवस्था जागच्या जागी ठेवतो. वाईट ट्यूनर तपासणीच काढून टाकतो, सगळ्या मर्यादा इतक्या वर नेऊन ठेवतो की त्या कधी आड येऊच नयेत. पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच पळतात. फरक मे महिन्यात, चढावर, पाच माणसं बसलेली असताना दिसतो.

कंपनी ही शिल्लक ठेवते तरी का? कारण तिची एकच फाइल जैसलमेरच्या उन्हात, लेहच्या विरळ हवेत, भेसळीच्या पेट्रोलवर आणि दोन वर्षं ऑइल न बदलणाऱ्या मालकाकडे, सगळीकडे चालायला हवी असते. वर प्रदूषणाचे नियम आणि वॉरंटीचा खर्च. काही वेळा बाजाराचा हिशोबही असतो. एकाच इंजिनाची स्वस्त आणि महाग आवृत्ती विकायची म्हणून एकीचा जोर कमी ठेवतात. पण इथे फसगत होते. १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आठवा. पुण्याजवळ रांजणगावातही ते बनायचं आणि निम्म्या महाराष्ट्राने ते चालवलं. ७५ पीएस (म्हणजे घोडे) आणि ९० पीएस अशा दोन रूपांत ते मिळायचं. "इंजिन एकच, फक्त प्रोग्रॅम वेगळा" असं तेव्हा गॅरेजागॅरेजात ऐकू यायचं. प्रत्यक्षात स्विफ्टमधल्या ७५ वाल्याला साधा टर्बो होता आणि ९० वाल्याला पाती फिरवून वाऱ्याचा मारा बदलणारा व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो. तेव्हा "मोठ्या मॉडेलला हेच इंजिन जास्त जोर देतं" हे ऐकलं की टर्बो, इंटरकूलर, क्लच, इंजेक्टर हे सगळं खरोखर तेच आहे का ते आधी बघावं.

आता उष्णतेकडे येतो. माझ्या मते आपल्या हवेत रीमॅपचा खरा निकाल इथेच लागतो.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाची नळी हाताला चटका देते, तसंच. बाहेर ३५ अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १३० अंशांवर असते. दाब २.४ पट केला तर तीच १६० च्या घरात जाते. इंटरकूलर ही उष्णता काढून घेतो, पण तोही लहान गाडीला साजेल एवढाच असतो. एकदा जोरात पाय दाबला तर तो निभावून नेतो. लागोपाठ पाच वेळा दाबला की तो स्वतःच तापतो. मग इंजिनात गरम, विरळ हवा जाते: ऑक्सिजन कमी आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचा, धोका जास्त.

त्यात उंचीची भर. ईसीयूला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, ठरावीक दाब हवा असतो, समजा एकूण २ बार. मुंबईत बाहेरच्या हवेचाच दाब एक बारच्या किंचित वर असतो, म्हणजे टर्बोला ती जेमतेम दुप्पट करायची. पुणे साडेपाचशे मीटरवर, तिथे हेच प्रमाण २.१ होतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे २.३. म्हणजे पसरणीचा घाट चढताना टर्बोला तेवढाच दाब देण्यासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात आणि हवाही जास्त तापते. कंपनीच्या फाइलमध्ये उंचीप्रमाणे मागणी कमी करण्याची सोय असते. समुद्रसपाटीला बसून मॅप लिहिणाऱ्याने ती सोय शाबूत ठेवली का, हे मी नेहमी विचारतो. ज्याला प्रश्नच कळत नाही त्याच्याकडे गाडी देत नाही.

नॉकिंग म्हणजे काय, तेही थोडक्यात. स्पार्क पडल्यावर ज्वाळा प्लगपासून कडेकडे पसरत जायला हवी. तिथवर ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं तर हातोडी मारल्यासारखा दाबाचा झटका बसतो. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, तो हा झटका ऐकतो. ऐकला की ईसीयू त्या सिलिंडरचा स्पार्क काही अंश उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण दोन गोष्टी होतात. जोर कमी होतो आणि उशिरा जळणारा वायू जास्त गरम अवस्थेत बाहेर पडून टर्बो आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजतो. तेव्हा "माझ्या गाडीत नॉक सेन्सर आहे, मला काय होणार" हा दिलासा अर्धाच खरा. सेन्सर रोजच्या रोज काम करू लागला तर मॅप आणि पेट्रोल यांचं जमलेलं नाही, हे ओळखावं.

नॉकिंग सोसण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ हे आपल्याकडचं जुनं गणित. त्यावर इंडियन ऑइलचं एक्सपी९५, एचपीचं पॉवर९९ आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेलं एक्सपी१००. युरोपातून विकत आणलेली तयार फाइल बहुतेक वेळा तिथल्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेली असते. पुण्यात तुम्ही शोधून ९५ भराल, पण गणपतीला कोकणात गेलात आणि गावच्या पंपावर साधंच मिळालं तर? म्हणून मॅप निवडताना तुमच्या नेहमीच्या वाटेवरचं सगळ्यात साधं पेट्रोल धरून निवडावा. चांगल्या दिवसाचं पेट्रोल धरून निवडलेला मॅप वाईट दिवशी गाडीवर उलटतो.

ई२० ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, यात एक वेगळंच वळण आणलंय. इथेनॉलचा ऑक्टेन साधारण १०८, त्यामुळे ते मिसळल्यावर नॉकिंगच्या बाजूने फायदाच होतो. आपल्याच साखर कारखान्यांतून निघणारं हे इंधन त्या बाबतीत टर्बोला मानवतं. पण लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असते. तेवढीच उष्णता मिळवायला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० साधारण सात टक्के जास्त ओतावं लागतं. म्हणजे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाला आधीच जास्त काम. त्यांच्यातली शिल्लक ई२० ने थोडी खाल्लेली असते आणि वर रीमॅप आणखी मागतो. पूर्ण ताकदीवर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे येणाऱ्या पेट्रोलचा दाब, मागणीपेक्षा खाली पडत असेल तर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि भरपूर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबात, पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला धोका. म्हणून "हा मॅप ई२० वर तपासलाय का" हा आजचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

बाजारात साधारण तीन प्रकारचा माल मिळतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मधल्या वायरिंगमध्ये बसतो आणि ईसीयूला खोटे आकडे सांगतो. प्रत्यक्षात दाब १.९ आहे, बॉक्स सांगतो १.७, ईसीयू बिचारा आणखी दाब वाढवतो. बॉक्स काढला की गाडी पूर्ववत, हे त्याचं आकर्षण. पण ज्या यंत्रणेवर इंजिनाचं रक्षण अवलंबून आहे तिलाच खोटं सांगायचं, हे मला पटत नाही आणि मी कुणाला सुचवत नाही. दुसरा प्रकार तयार फाइलचा. त्या मॉडेलसाठी एकदा लिहिलेला मॅप सगळ्यांना तोच भरतात. लिहिणारा जाणकार असेल आणि त्याने भारतीय पेट्रोलवर तपासलेला असेल तर बहुतेकांना हा पुरतो. तिसरा कस्टम ट्यून. तुमच्या गाडीचे लॉग बघून, फाइल बदलून, पुन्हा लॉग घेऊन बेतलेला. शिंप्याकडे माप देऊन शिवल्यासारखा. यात अडचण एकच: "कस्टम" म्हणून पैसे घेऊन तयार फाइलच भरणारे पुष्कळ आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. अर्ध्या तासात लॅपटॉप मिटला आणि मधे एकही लॉग घेतला गेला नाही, तर ती फाइल तुमच्या मापाची नाही.

भाच्याने शेवटी माझं न ऐकता एका ठिकाणी तयार फाइल भरून घेतली. पहिले पंधरा दिवस तो हवेत होता. मग मेमध्ये कात्रजच्या चढावर गाडी "मधेच श्वास सोडते" अशी तक्रार घेऊन आला. आम्ही ती भोसरीतल्या एका शेडमध्ये नेली, जिथे ताकद मोजायचा डायनो आहे. म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर, त्यावर पुढची चाकं, गाडी पट्ट्यांनी बांधलेली आणि बॉनेटसमोर मोठा पंखा. दुपारचे दोन वाजले होते, पत्र्याखाली हवा नुसती उकळत होती. तिथल्या पोराने ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, केबल लावली, लॅपटॉप सीटवर ठेवला आणि तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून सहा हजार आरपीएमपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला.

अशा एका दौडीला पुल म्हणतात. पहिला पुल झकास. इनटेकची हवा ४४ अंश, तिन्ही सिलिंडरचा नॉकमुळे मागे घेतलेला स्पार्क शून्य ते दीड अंश. भाच्याचा चेहरा फुलला. लगेच दुसरा पुल: हवा ५६ अंश, तिसऱ्या सिलिंडरने ३.७५ अंश मागे घेतले. तिसरा पुल लागला तेव्हा हवा ६७ वर गेली होती, तिसरं सिलिंडर ६.७५ अंशांवर आणि दुसरंही ४.५ वर. पडद्यावर मागितलेल्या बूस्टची रेघ वर तशीच सपाट होती. प्रत्यक्षातली रेघ पाच हजारांनंतर तिच्याखाली लोंबत चालली होती. म्हणजे टर्बोने हात टेकले होते आणि फाइल मात्र मागतच होती. ताकद पहिल्या पुलपेक्षा कितीतरी खाली. घाटात तो ज्याला श्वास सोडणं म्हणत होता ते हेच.

प्लग काढून बघितले. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. चंदेरी कण नव्हते, हे नशीब. अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले असते तर पिस्टन झिजायला लागला असं समजून इंजिन उघडावं लागलं असतं. गॅप मोजली तर कंपनीच्या मापापेक्षा वाढलेली. जास्त दाबाच्या हवेत स्पार्क विझू नये म्हणून ट्यून केलेल्या गाडीत ती कंपनीपेक्षाही थोडी कमी ठेवतात. अठ्ठेचाळीस हजार चाललेल्या गाडीत जुनेच प्लग ठेवून मॅप भरला गेला होता. भरणाऱ्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

त्या एका दुपारी जे दिसलं तेच मी सगळ्यांना सांगतो: डायनोचा एक सुंदर आलेख मागू नका, लागोपाठच्या तीन पुलांचे लॉग मागा. आलेख पहिल्या, थंड पुलचा असतो. त्यात चाकावरची ताकद मोजली की हिशोब करून इंजिनावरची छापली हेही बघा, कारण मधल्या नुकसानीचा अंदाज जो तो आपापल्या सोयीने धरतो. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी कंपनीच्या फाइलवर आणि मग नव्या फाइलवर, एवढीच तुलना मी खरी मानतो. दोन शहरांतल्या दोन डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडून वाद घालण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट अशी, की लोक घोड्यांचा आकडा विचारतात आणि धोका असतो टॉर्कमध्ये. हिशोब सोपा आहे: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. १७८ न्यूटन मीटर ४५०० आरपीएमला म्हणजे ८४ किलोवॅट, साधारण ११४ पीएस. आता दोन मॅप बघा. एक २००० आरपीएमलाच २४० न्यूटन मीटर देतो. दुसरा कुठेच २०० च्या वर जात नाही, पण ते ५००० पर्यंत टिकवतो. दुसऱ्याची ताकद १४० पीएसच्या पुढे जाते. पहिल्याची २००० ला फक्त ६८. तरीही कनेक्टिंग रॉड वाकवायची वेळ आली तर ती पहिला आणेल. कमी आरपीएमला पिस्टन सावकाश चालतो, दाब बराच वेळ त्याच्या डोक्यावर राहतो. थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनांत इथेच एलएसपीआय नावाचा प्रकार घडतो. ऑइल आणि पेट्रोलचा एखादा थेंब स्पार्क पडण्याआधीच पेट घेतो आणि एका झटक्यात पिस्टनची रिंग बसण्याची जागा फोडू शकतो. नॉक सेन्सरला त्यात काही करायला वेळच मिळत नाही. हे इतकं गंभीर आहे की ऑइलच्या मानकांत त्यासाठी चाचणी घालावी लागली. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं असेल तर ते ऑइल त्या चाचणीतून गेलेलं असतं, म्हणून ट्यून केलेल्या गाडीत त्यापेक्षा जुन्या दर्जाचं ऑइल घालू नये. अर्थात कंपनीने सांगितलेलं स्पेसिफिकेशनही जुळायला हवं.

त्यामुळे मॅप निवडताना माझी पसंती नेहमी अशाला असते, ज्याचा टॉर्क २५०० च्या आसपास हळूहळू चढतो आणि वर टिकतो. पाठ सीटला आपटणारा झटका पहिल्या दिवशी आवडतो, मान्य आहे. पण क्लच, गिअरबॉक्स आणि रॉड तिघेही त्या झटक्याची किंमत मोजत असतात. आणि चालवण्याची सवयही बदलावी लागते: पाचव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर पाय पूर्ण दाबून घाट चढायचा नाही, एक गिअर खाली घ्यायचा.

स्टेज वन, टू, थ्री या शब्दांना कुठलंही अधिकृत माप नाही. ढोबळमानाने वन म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, टू म्हणजे जोडीला एअर इनटेक, मोठा इंटरकूलर आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), थ्री म्हणजे टर्बोच मोठा. यात इंटरकूलरवर घातलेला पैसा आपल्या हवेत सगळ्यात सत्कारणी लागतो असं माझं मत आहे. डाउनपाइपच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं मात्र सरळसरळ बेकायदा आहे आणि मागच्या गाडीवाल्याच्या, रस्त्यावरच्या पोरांच्या छातीत तो धूर जातो. डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, काढण्याचंही तेच. डिझेलला टॉर्क वाढवणं पेट्रोलपेक्षा सोपं, म्हणून बेफिकिरीही जास्त. मागून काळा धूर सोडणारी ट्यून केलेली डिझेल गाडी म्हणजे हवा पुरत नसताना ओतलेलं इंधन, आणि आत एक्झॉस्टचं तापमान चढलेलं.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा कडकपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर होते, चढावर पूर्ण बूस्टमध्ये काय निघतं ते ती बघत नाही. वॉरंटीचं तर धरूनच चाला की इंजिन आणि गिअरबॉक्सची गेली. फोक्सवॅगन समूहात सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेला फाइल बदललेली दिसली की गाडीच्या नोंदीवर टीडी१ अशी खूण पडते, मूळ फाइल परत टाकली तरी ईसीयूतला फ्लॅशिंगचा, म्हणजे फाइल किती वेळा भरली ते मोजणारा, काउंटर बोलतो. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर मोठ्या क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. ज्याचा गाडीवर कर्जाचा हप्ता चालू आहे आणि वॉरंटी शिल्लक आहे, त्याला मी आजवर एकदाही "कर" म्हटलेलं नाही.

आणि ज्याला करायचंच आहे त्याने मॅपच्या आधी पैसे गाडीत घालावेत. नवे प्लग, ताजं ऑइल, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्ट गळतीची तपासणी. क्लच प्लेट आधीच घासत असेल तर ती रीमॅपनंतर आठवड्यात सांगेल. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. ट्यूनरकडे ती नसेल तर त्याने तुमच्या गाडीची फाइल वाचलीच नव्हती, दुसऱ्याच गाडीची आणून वर थापली. एक्झॉस्टचं तापमान रोखणाऱ्या मर्यादा तशाच आहेत का, नॉकचं नियंत्रण चालू आहे का, हे लेखी विचारा. चांगल्या ट्यूनरला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो खुर्ची ओढून लॅपटॉप तुमच्याकडे वळवतो.

भाच्याच्या गाडीत आता दुसऱ्याने लिहिलेली फाइल आहे. कमाल टॉर्क २०५ वर बांधलेला, इनटेकची हवा ५५ अंशांच्या पुढे गेली की बूस्टची मागणी आपोआप खाली येणारी. तीन फेऱ्या लागल्या, मधे एका फेरीत ट्यूनरनेच टॉर्क दहाने कमी केला. जुलैत पावसाच्या गारव्यात घेतलेल्या तिसऱ्या पुलमध्ये तिन्ही सिलिंडर दीड अंशाच्या आत होते. मी त्याला सांगितलंय की हे पावसाचे आकडे आहेत. पुढच्या मेमध्ये, दुपारी दोन वाजता, त्याच पत्र्याखाली पुन्हा गाडी बांधायची, टाकीत गावच्या पंपावरचं पेट्रोल भरून.